आढेवेढे घेणारे ट्राउट

मानवानं अग्नी शोधला, चाक शोधलं, अणू फोडला, चंद्रावर पाय ठेवून परत आला. या मालिकेतला पुढचा टप्पा म्हणजे यंत्र आणि प्राणी यांनी माणसाला बाजूला सारून परस्पर बोलणी सुरू करणं. आणि हा टप्पा, इतिहासकारांनी नोंद घ्यावी, महाबळेश्वरच्या खाली तापोळ्याच्या रस्त्याला लागून असलेल्या आमच्या तळ्यावर एका मंगळवारी सकाळी साडेसात वाजता गाठला गेला. मी त्या वेळी गच्चीवर पायजमा वाळत घालत होतो.

“अहो, खाली या!”

उज्ज्वला, माझी बायको, पाचगणीच्या एका निवासी शाळेत अठ्ठावीस वर्षं भोजनगृह सांभाळत होती. तीनशे मुलांच्या कलकलाटावरून आमटी संपल्याचं सांगायची सवय असल्यामुळे तिच्या साध्या हाकेलाही शेजारचे लोक घराबाहेर येतात. मी पायजम्यासकट खाली आलो.

“बघा,” ती म्हणाली.

मी बघितलं आणि पायजमा हातातून गळून पडला.

आमचं तळं तीस फूट लांब, वीस फूट रुंद. एका टोकाला खाद्य टाकणारं यंत्र. दुसऱ्या टोकाच्या कोपऱ्यात, जितकं लांब जाता येईल तितकं लांब, आमचे दोनशे ट्राउट दाटीवाटीनं उभे होते. दोनशेच्या दोनशे शेपट्या आमच्याकडं. पाण्यावर खाद्याच्या चार गोळ्या तरंगत होत्या आणि एकही मासा त्यांच्याकडं ढुंकून बघत नव्हता. मानपानावरून बिनसलेलं वऱ्हाड मी पाहिलंय. पण ते निदान आपसांत कुजबुजत तरी असतं.

हे किती भयंकर होतं ते कळायला ट्राउट कसा खातो ते माहीत हवं. ट्राउट खात नाही, तुटून पडतो. गोळी पाण्याला टेकायच्या आत पाणी खदखदायला लागतं, मासे एकमेकांच्या अंगावरून उड्या मारतात, काठावरच्या माणसाचा सदरा भिजतो. ज्या ट्राउटला भूक नाही तो आजारी असतो, आणि जे दोनशे ट्राउट एकदम पाठ फिरवतात त्यांच्याबद्दल पुस्तकात काहीही लिहिलेलं नसतं.

आमच्याकडं ट्राउट कुठून आले, असं बाहेरचे विचारतात. ऊन वाढलं, स्ट्रॉबेरीला सोसेना, म्हणून डोंगरावरच्या बऱ्याच जणांनी ट्राउट धरला. ट्राउटला ऊन स्ट्रॉबेरीहूनही कमी सोसतं, हे नंतर कळलं. बारा ते सोळा अंशांच्या पाण्यात तो मजेत असतो, विशीच्या वर त्याची अन्नावरची वासना उडते. कारण साधं आहे: गार पाणी प्राणवायू धरून ठेवतं, कोमट पाणी सोडून देतं. मग शास्त्रज्ञांनी त्याच्या जनुकांत थोडी डागडुजी करून बावीस अंशांपर्यंत तग धरणारं वाण काढलं, आणि आम्ही झऱ्याचं पाणी जमिनीत दहा फूट खोल पुरलेल्या नळ्यांतून फिरवून गार करू लागलो. माणूस हट्टाला पेटला की निसर्ग बिचारा जुळवून घेतो.

खाद्याच्या यंत्राचं नाव तृप्ती. तृप्तीला पाण्याखाली एक डोळा, पाण्यावर एक डोळा आणि एक कान. तिला कुणी नियम शिकवत नाही. पहिले एकवीस दिवस ती नुसती बघत बसते: माणूस किती टाकतो, माशांनी काय केलं की थांबतो, काय केलं की आणखी टाकतो. बाविसाव्या दिवसापासून ती त्या माणसाच्या हातानं वाढायला लागते. आमच्या तृप्तीला उज्ज्वलानं शिकवलं होतं. डोंगरावर उज्ज्वलाच्या माशांइतकं अंग कुणाच्याच माशांनी धरलं नव्हतं. तेव्हा तृप्ती बनवणाऱ्या कंपनीनं तिला विचारून तिचा तो ‘हात’ उचलला आणि आपल्या बाकीच्या यंत्रांत घातला. उज्ज्वलाला शाल मिळाली. फोटोत मी शालीच्या मागं आहे.

याच कौतुकापोटी कुलूजवळच्या एका मत्स्यकेंद्राचं पत्र आलं होतं: दोन वर्षं इथं येऊन राहा, इथल्या डोंगरातल्या बायकांना ट्राउट सांभाळायला शिकवा. उज्ज्वलानं पत्र मोठ्यानं वाचून दाखवलं. मी विचारलं, “जायचंय का?” ती म्हणाली, “नको हो. या वयात कुठं?” मी म्हटलं, “बरं.” विषय संपला. मला मनातून हायसं वाटलं, हे कशाला लपवू? उत्तराची मुदत शनिवारी संध्याकाळी पाचपर्यंत होती. नकाराचं उत्तर मीच सुरेख भाषेत लिहून तिच्या टॅबवर ठेवलं होतं, पण पाठवलं नव्हतं. चौतीस वर्षं मी वजनमापे खात्यात निरीक्षक होतो. मुदतीच्या फार आधी उत्तर दिलं तर या माणसाकडं काम नाही असं वरच्यांना वाटतं, हा तिथला पहिला धडा.

तर मंगळवारी सकाळी मी तृप्तीची पुस्तिका उघडली. पान सतरा: ‘मासे खाद्याकडे पाठ फिरवत असल्यास खाद्य त्वरित थांबवावे. न खाल्लेले खाद्य कुजून पाण्यातील प्राणवायू शोषते.’ मी तृप्ती बंद केली.

“अहो, एकदा आणखी टाकून बघू या की,” उज्ज्वला म्हणाली.

“पान सतरा,” मी म्हणालो.

मग आम्ही दोष शोधायला लागलो. पाणी चौदा अंश. प्राणवायू भरपूर. खाद्य खवट झालंय का म्हणून मी एक गोळी चावून बघितली. ती खवट नव्हती, पण त्या दिवशी मी दुसरं काही खाल्लं नाही. उज्ज्वलानं एक मासा जाळीत धरून कल्ले तपासले: लालभडक, निरोगी. खंड्या पक्षी येऊन बसतो म्हणून माशांनी धसका घेतला असेल, असं वाटून मी बुधवारी तळ्याकाठी खुर्ची टाकून बसलो. खंड्या आला. त्यानं माशांकडं पाहिलं, माशांनी त्याच्याकडं शेपट्या केल्या, तो बराच वेळ विचार करत बसला आणि उडून गेला. गुरुवारी मी खाद्याचा काटा तपासला. काट्यात पाव ग्रॅमची चूक निघाली. मला फार आनंद झाला. माशांना झाला नाही.

रोज सकाळी आम्ही तृप्तीला एकदा सुरू करायचो. ती चिमूटभर गोळ्या टाकायची. दोनशे शेपट्या वळायच्या. मी पान सतरा आठवून ती बंद करायचो. शुक्रवारी लहान माशांच्या शेपट्या कुरतडलेल्या दिसायला लागल्या.

“उपाशी आहेत हो ते,” उज्ज्वला म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. “शेपट्या खातायत एकमेकांच्या. उपाशी आहेत आणि खात नाहीत. असं कधी असतं का?”

“त्यांना विचारलं आपण. रोज विचारतो. नको म्हणतायत, त्याला आपण काय करणार?”

यावर ती काही बोलली नाही. ती सहसा अशा वेळी बोलत नाही. मी त्याचा अर्थ सहमती असा लावत आलो आहे.

शनिवारी दुपारी वाईहून कंपनीच्या अभियंता सानिया इनामदार आल्या. चाळिशीच्या, कपाळावर चष्मा, आणि चार रात्री झोप न झालेल्या माणसाचा एक शांतपणा असतो, तो चेहऱ्यावर.

“काका, काकू, नमस्कार. पाठ फिरवलीय ना?”

“तुम्हाला कसं कळलं?” मी चकित झालो.

“मुन्नारला फिरवलीय. सिक्कीमला फिरवलीय. नॉर्वेत समुद्रातल्या पिंजऱ्यांत आठ लाख सॅमन पाठ फिरवून उभे आहेत. तिथल्या बातम्यांत दाखवलं. पंतप्रधान बोलले.” त्यांनी थैलीतून टॅब काढला. “सगळीकडं एकच हात बसवलाय. काकूंचा.”

उज्ज्वला मटकन कट्ट्यावर बसली.

“माझा?” तिचा आवाज, तीनशे मुलांवरून जाणारा आवाज, कुठंतरी आतच राहिला. “मी काय केलं?”

“तेच बघायला आलेय. तुमच्या त्या एकवीस दिवसांचं चित्रण आहे माझ्याकडं. बघू या.”

टॅबवर उज्ज्वला दिसली. वर्षभरापूर्वीची, तळ्याकाठी उभी, कमरेला पदर खोचलेला. तिनं आधी चिमूटभर गोळ्या टाकल्या. मासे तुटून पडले. मग मूठभर. मग पुन्हा मूठभर. हळूहळू माशांची पोटं भरली, एकेक मासा वळून जायला लागला. कुठल्याही पुस्तकाप्रमाणं इथं थांबायचं. टॅबवरची उज्ज्वला थांबली नाही. ती वाकून पाण्याला म्हणाली, “असं काय करता? अजून काही खाल्लंच नाही तुम्ही.” आणि टाकली मूठ. मासे आणखी लांब गेले. “बरं, आता शेवटचं.” मूठ. मासे पार कोपऱ्यात. “हे बघा, हे मोजायचं नाही, हे माझ्यासाठी.” आणि मोठ्ठी मूठ.

एकवीस दिवस, दिवसातून तीनदा.

सानियाबाईंनी चित्र थांबवलं.

“आता यंत्राला यातून काय दिसलं?” त्या म्हणाल्या. “यंत्राला शिष्टाचार माहीत नाही. त्याला दिसलं, की पाठ फिरवली की मूठ मिळते. दुसऱ्यांदा फिरवली की आणखी. तिसऱ्यांदा फिरवली की सगळ्यात मोठी. म्हणजे ‘पाठ’ हीच मागणी. बाविसाव्या दिवसापासून ते तसं वागायला लागलं. सुरुवातीला चिमूट, मग वाट बघ, पाठ दिसली की वाढ.”

“आणि मासे?” मी विचारलं.

“मासे काय मूर्ख नाहीत, काका. बक्षीस कशाला मिळतं हे ट्राउट आठवड्याभरात शिकतो. पुढं धावणाऱ्याला चार गोळ्या, लांब जाऊन उभा राहील त्याला रग्गड. कशाला धावायचं? यंत्र माशांकडून शिकत गेलं, मासे यंत्राकडून. होता होता दोघांचं पक्कं ठरलं: तीनदा नको म्हणायचं, मग जेवायचं. मधे माणूस कुणी नव्हताच.” त्यांनी चष्मा नाकावर घेतला. “तुमचे मासे आजारी नाहीत. आढेवेढे घेतायत.”

मी तळ्याकडं बघितलं. पन्नास कोटी वर्षं मासा या पृथ्वीवर आहे. एवढ्या काळात त्यानं संकोच केल्याची नोंद नाही. आमच्या तळ्यात एका वर्षात त्याला चारचौघांत जेवायला लाज वाटायला लागली होती.

“पण मग आताच उपाशी का? वर्षभर नीट खात होते,” उज्ज्वलानं विचारलं.

“वर्षभर आढेवेढे थोडे थोडे वाढत होते, यंत्र सांभाळून घेत होतं. मंगळवारी पहिल्यांदा तुम्हाला डोळ्यांनी दिसलं आणि तुम्ही यंत्र बंद केलंत.” सानियाबाईंनी नोंद वाचली. “रोज सकाळी एकदा चिमूट टाकलीत. त्यांनी नको म्हटलं. तुम्ही लगेच ताट उचललंत.”

“पान सतरा,” मी म्हणालो. पण आवाजात जोर नव्हता.

उज्ज्वलानं माझ्याकडं पाहिलं. अडतीस वर्षांच्या संसारात तिच्या बऱ्याच नजरा मी वाचायला शिकलो होतो. ही नवीन होती.

ती उठली. तृप्ती तशीच बंद ठेवून तिनं खाद्याच्या पिशवीत हात घातला. चिमूट टाकली. दोनशे शेपट्या वळल्या. “असं काय करता?” ती म्हणाली. मूठ. शेपट्या आणखी लांब. “आता शेवटचं.” मूठ. मासे कोपऱ्यात भिंतीला टेकले. उज्ज्वलाच्या गालांवरून पाणी वाहत होतं. “माझ्यासाठी,” ती म्हणाली, आणि सगळी पिशवी उलटी केली.

तळं फुटलं. दुसरा शब्द नाही. दोनशे मासे एका उडीत तीस फूट आले, पाणी डोक्याइतकं वर उसळलं, कट्टा भिजला, टॅब भिजला, सानियाबाईंचा चष्मा वाहून गेला आणि मी, चौतीस वर्षांचा अनुभवी शासकीय अधिकारी, किंचाळलो.

पंधरा मिनिटांनी आम्ही तिघं व्हरांड्यात टॉवेल गुंडाळून बसलो होतो.

“रोज एक आग्रह कमी करत जायचा,” सानियाबाई सांगत होत्या. “तीनाचे दोन, दोनाचा एक. महिन्यात सुधारतील. पण कंपनीला आता वेगळंच सुचलंय. जनावर दाखवतं ते सोडून द्यायचं, त्याला खरंच किती हवंय ते मोजायचं.” त्यांनी एक डबीएवढा कॅमेरा टेबलावर ठेवला. “हवंसं वाटणं ही मेंदूतली फार जुनी गोष्ट आहे. माशात, बेडकात, माणसात तिची मुळं सारखीच. काहीही हवं असलं की शरीर नकळत तयारी करतं. श्वास क्षणभर अडतो, डोळ्यातली बाहुली मोठी होते, घसा हलतो, मान केसाएवढी पुढं येते. पाठ फिरवता येते, पण हे लपवता येत नाही. हा शंभरपैकी आकडा देतो. मासे आता भरल्यापोटी आहेत, म्हणून माणसांवर जुळवून घेते. काकू, जरा इकडं बघता? बोलत राहा काहीही.”

मी घड्याळ बघितलं. सव्वाचार. “बोलायचंच आहे तर ते कुलूचं उरकून टाकू,” मी म्हणालो. “उत्तर पाठवतो आता. नकोच ना?”

“नकोच,” उज्ज्वला म्हणाली.

टॅबवर आकडा आला. चौऱ्याण्णव.

सानियाबाईंनी टॅबवरचं पाणी पुसलं. “ओला झालाय बहुतेक. काकू, परत म्हणा.”

“नको म्हटलं ना.”

शहाण्णव.

“बिघडलाय,” मी ठामपणे म्हणालो. सानियाबाईही मान हलवायला लागल्या. पण आता माझ्यातला निरीक्षक जागा झाला होता. काटा खोटा आहे असं नुसतं म्हणून चालत नाही, प्रमाणित वजनं ठेवून सिद्ध करावं लागतं. “थांबा. उज्ज्वला, कारल्याचा रस हवा?”

“नको.” दोन.

“चहा?”

“आत्ता नको.” एकतीस.

“माझी बहीण आठ दिवस राहायला येऊ दे?”

“येऊ दे की,” उज्ज्वला प्रसन्न हसून म्हणाली. शून्य.

आयुष्यात हजारो तराजू मी तपासले. व्यापाऱ्यांनी हातापाया पडून, शपथा घेऊन, मुलांच्या डोक्यावर हात ठेवून सांगितलेलं खोटं ठरवलं, ते फक्त काट्याच्या भरवशावर. वजनं ठेवली, काटा तिन्ही वेळा बरोबर उतरला. असा काटा नाकारायची मला सवय नव्हती.

“कुलू?” मी हळूच विचारलं.

ती काहीच बोलली नाही. सत्त्याण्णव.

भीती मला आकड्याची नव्हती वाटली. मला आठवत होतं, पत्र वाचताना ती उभी होती. कधी नव्हे ते उभं राहून वाचलं होतं तिनं.

“मग तू नको का म्हणालीस?”

“तुम्ही एकदाच विचारलंत.”

“किती वेळा विचारायचं असतं?”

“आपल्या लग्नात पंगतीला तुम्ही जिलबी किती वेळा नको म्हणालात?”

“ते वेगळं—”

“चार वेळा. खाल्ल्यात अकरा. मी शेजारीच बसले होते.” ती टॉवेलचं टोक पिळत होती. “कुणी ‘नको’ म्हटलं म्हणून लगेच ताट उचलतं का हो? पंधरा दिवस वाट बघितली. म्हटलं, उद्या विचारतील. परवा विचारतील. तुम्ही उत्तर लिहून मोकळे झालात. आणि किती सुंदर लिहिलंत! ‘वयोमानामुळे’ म्हणे.”

“म्हणजे तू… जाणार होतीस?”

“मला माहीत नव्हतं. तुम्ही तीनदा म्हणाला असतात तर कळलं असतं.”

सानियाबाई तळ्यातला चष्मा शोधायला जाण्याबद्दल काहीतरी पुटपुटत उठल्या. पण बाहेर गेल्या नाहीत. असल्या वेळी कुणीच जात नाही.

पावणेपाच झाले होते. मी उभा राहिलो. माणसानं आयुष्यात एकदा तरी मोठं व्हावं, अशी माझी समजूत होती, आणि मला वाटलं हीच ती वेळ.

“उज्ज्वला, तू जा,” मी म्हणालो.

ती गप्प.

“अगं जा. माझं काय, मी राहीन. खरंच जा.”

गप्प.

“माझ्यासाठी जा,” मी तिसऱ्यांदा म्हणालो. माझाच आवाज मला फार उदात्त वाटला.

मग माझ्या लक्षात आलं की दोघीही माझ्याकडं बघत नाहीयेत. टॅबकडं बघतायत. मी उभा राहिलो तेव्हा कॅमेऱ्याच्या समोर आलो होतो.

आकडा होता तीन.

कारल्याच्या रसापेक्षा एकानं जास्त.

आपलं मन दोन बायकांच्या देखत असं शंभरपैकी मोजून निघणं ही काय गोष्ट आहे, ते सांगता येत नाही. मी अंगावरचा टॉवेल आणखी घट्ट गुंडाळला. मला सांगायचं होतं, की तीन खरा आहे, पण ‘जा’ म्हणालो तेही खरं आहे. एका माणसात दोन्ही मावतं, असलं काहीतरी. तोंडातून निघालं एवढंच: “पाव ग्रॅमची चूक असू शकते.”

उज्ज्वला बराच वेळ त्या आकड्याकडं बघत राहिली. मला वाटलं, ती आता रडेल; किंवा, जास्त वाईट म्हणजे, “मग राहतेच मी” म्हणेल. तसं ती म्हणाली असती तर मी लगेच “बरं” म्हणालो असतो, हे मला तेव्हाच कळलं आणि मी पुन्हा एकदा हादरलो.

ती हसली.

“आग्रह कुणाचा खरा असतो हो?” ती म्हणाली. “शाळेत मुलांना वाढताना मला तरी काय, आमटी उरवायची नसायची. म्हणून मुलं उपाशी उठली का? आग्रह खोटा असला तरी वाढलेलं पान खरंच असतं.”

तिनं आतून स्वतःचा टॅब आणला. माझं ते सुंदर उत्तर पुसलं. त्याजागी दोन शब्द लिहिले: ‘येते आहे.’ आदरार्थी काही नाही, विनंती नाही, खाली ‘आपली नम्र’ही नाही. सरकारी पत्रव्यवहाराच्या दृष्टीनं ते उत्तर बादच होतं. पाचाला सात मिनिटं कमी असताना तिनं ते पाठवलं.

चार मिनिटांत कुलूहून जवाब आला. एक तारखेला रुजू व्हा. गरम कपडे आणा. राहायची सोय तळ्याकाठीच केली आहे. इकडचे मासेही गेले काही दिवस विचित्र वागत आहेत, तेव्हा जमल्यास लवकर या.

“एक तारीख म्हणजे येता सोडून पुढचा बुधवार,” सानियाबाई म्हणाल्या.

“अकरा दिवस,” उज्ज्वला म्हणाली. तिचा श्वास क्षणभर अडला, मान केसाएवढी पुढं आली. आकडा बघायची गरज नव्हती. इतकी वर्षं हे सगळं माझ्या समोर, एका टेबलावर, रोज दोन वेळा होत असणार. मी काट्यांकडं बघत होतो.

ती उठून आत गेली. वरच्या फळीवरची मोठी बॅग खाली ओढल्याचा आवाज आला, मग ती आपटल्याचा, मग तिच्या हसण्याचा. मी दारापाशी जाऊन उभा राहिलो. ती जमिनीवर बसून बॅगेची साखळी उघडत होती. केसांतून अजून पाणी ठिबकत होतं. आणि ती मला एकदम ओळखू येईना. पंगतीत शेजारी बसून माझ्या जिलब्या मोजणारी ती मुलगी कोण होती, हे मी तेव्हा विचारलं नव्हतं. आता विचारायला अकरा दिवस होते आणि तेवढ्यात गरम कपडेही घ्यायचे होते.

खूप काही बोलायचं होतं. मी घसा साफ केला.

“उज्ज्वला.”

“काय?”

“जायच्या आधी एक तेवढं कागदावर लिहून ठेवशील?”

तिनं मान वर केली. “काय?”

“मी चहात साखर किती घेतो ते.”